भारतातला पहिला रेस ट्रॅक नोएडाचा नाही ओ

सोलापुरात सात रस्त्याला बाईकवाली पोरं जमली की कुणीतरी ठासून सांगतंच, भारतातला पहिला रेस ट्रॅक म्हणजे ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. साफ चूक. तो 2011 चा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक 1990 लाच सुरू झालाय आणि त्याच्याही कितीतरी आधी चेन्नईजवळच्याच शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या धावपट्टीवर रेस व्हायच्या, इंग्लंडचं सिल्व्हरस्टोन पण तसंच, आधी बॉम्बर विमानांचा तळ, मग विमानतळाच्या कडेच्या रस्त्यांचाच ट्रॅक झाला आणि 1950 ला फॉर्म्युला वन वर्ल्ड चॅम्पियनशिपची पहिली रेस तिथंच.

बुद्धवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन झाली, हे खरंय. पण कोइम्बतूरचा नरेन कार्तिकेयन 2005 लाच फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला, मद्रासवाल्यांची एवढी वर्षांची मेहनत अशी पुसू नका राव.