रणनीतीकार ते सल्लागार : केवळ ओळखींचा व्यापार?

निवडणुकीचा रणनीतीकार पुढे कंपन्यांचा सल्लागार झाला की तो फक्त जुन्या ओळखी विकतो, असा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. ओळखींचा उपयोग होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु सत्ता बदलली की त्यांची किंमत घटते, आणि मग उरते ते विधेयकांचे मसुदे वाचणे, जनमत चाचण्यांचा अर्थ लावणे व विरोध कोठून येईल याचा अंदाज बांधणे, म्हणजे बरेचसे प्रचारातच शिकलेले काम. कोण कोणासाठी काम करतो, याची पडताळणीही शक्य आहे. अमेरिकेत १९९५ च्या कायद्यानुसार लॉबिंग, म्हणजे ग्राहकाच्या वतीने कायदे व धोरणांवर प्रभाव टाकण्यासाठी सरकारी मंडळींशी संपर्क, करणाऱ्यांना नोंदणी करावी लागते आणि आता ग्राहक, विषय व मोबदला दर तिमाहीस जाहीर करावा लागतो. मात्र निव्वळ सल्ला देणारे बहुधा या नोंदीत येत नाहीत. त्यामुळे तेथे नाव नसणे हा लपवाछपवीचा पुरावा ठरत नाही.