कॅलेडियम झोपलं की अ‍ॅग्लोनिमा गारठला?

डिसेंबर लागला की नाशकात दोन चौकश्या ठरलेल्या. निफाडचा पारा कितीवर आला, आणि गॅलरीतली झाडं माना का टाकतायत. पहिलीचं उत्तर कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राच्या आकड्यात मिळतं. दुसरीवर बहुतेक घरांत एकच इलाज होतो: तांब्याभर जास्तीचं पाणी. झाड थंडीपुरतं झोपलंय की गारठ्यानं मार खाल्लाय हे कुणी बघत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो.

माझ्याकडून तो दोन्ही बाजूंनी झालाय. एका वर्षी दिवाळीनंतर कुंडीतल्या कॅलेडियमची (हे रंगीत पानांचं शोभेचं झाड) पानं पिवळी पडून गळाली. मेलं समजून कुंडीतली माती कढीपत्त्याच्या बुडाशी ओतली. पावसाळ्यात तिथून गुलाबी पानं वर आली! त्यातून शहाणपण शिकले म्हणून पुढच्या हिवाळ्यात अ‍ॅग्लोनिमाची पानं डागाळली तेव्हा निवांत राहिले. झोपला असेल, उठेल. संक्रांतीपर्यंत त्याचं खोड बुडाशी लिबलिबीत झालं.

गोंधळ होण्याला कारण आहे. दोघंही अळूच्या कुळातले, दोघांनाही आपण रंगीत पानांसाठीच आणतो आणि नर्सरीत ते शेजारी शेजारी मांडलेले असतात. फरक मातीखाली आहे. कॅलेडियमला कंद असतो, अ‍ॅग्लोनिमाला नसतो. ज्याच्याकडे शिधा साठवलेला आहे तोच झोपू शकतो. सुरण आठवा: पाला पिवळा पडून आडवा झाला की आपण म्हणतो सुरण तयार झाला, मेला नाही म्हणत. हळदीचंही तसंच. कॅलेडियम मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण भागातलं, पण रीत सुरणाचीच. अ‍ॅग्लोनिमा आग्नेय आशियातल्या दमट जंगलांत झाडांच्या सावलीत वाढणारा. तिथे वर्षभर ऊब असते, त्यामुळे त्याला झोप ठाऊकच नाही.

झोप हळूहळू येते. दिवस लहान होत जातात (डिसेंबरात आपल्याकडे उजेड जेमतेम अकरा तासांचा), रात्री गार होतात, आणि कॅलेडियमची आधी बाहेरची जुनी पानं पिवळी होतात, मग कागदासारखी सुकतात. यात दोन-चार आठवडे जातात. गारठ्याचा मार असा वेळ घेत नाही. कडाक्याची एक रात्र जाते आणि पुढच्या एक-दोन दिवसांत अ‍ॅग्लोनिमाच्या पानावर करडे-काळपट, तेल सांडल्यासारखे डाग दिसतात. जुनं पान, नवं पान असा भेद नसतो. उघड्यावर, वाऱ्याच्या तोंडी जे असेल ते आधी.

‘पण नाशकात बर्फ कुठे पडतो?’ असं शेजारच्या काकू म्हणतात. बर्फाची गरजच नाही. उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या पेशींची आवरणं शून्याच्या बरीच वर, दहा-बारा अंशांनाच ताठरतात आणि आतला रस झिरपू लागतो. तेच ते तेलकट डाग. शिवाय पेपरातला आकडा जाळीदार पेटीत, जमिनीपासून वर टांगलेल्या तापमापकाचा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उघड्या आकाशाखालचं पान आपली ऊब वर सोडत राहतं आणि हवेपेक्षाही दोन-तीन अंश गार होऊ शकतं. म्हणूनच पेपरात बारा असलं तरी गच्चीवरचं झाड दहा सोसत असतं. द्राक्षबागायतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात ते काही हौसेनं नाही.

आता करायचं काय, तर दोघांचं अगदी उलट. पानं पिवळी पडू लागली की कॅलेडियमचं पाणी कमी करत न्यायचं, पानं सुकली की पूर्ण बंद. झोपलेल्या कंदाला पाणी म्हणजे सडण्याचं आमंत्रण. कंद काढून, माती झटकून, आठवडाभर सावलीत वाळवायचा आणि कोरड्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवायचा. गॅलरीच्या फरशीवर नको. झोपेतही त्याला पंधरा अंशांच्या वरची ऊब लागते. जिवंत आहे का हे दाबून कळतं: बटाट्यासारखा टणक असेल तर ठीक, बोट रुतलं आणि वास आला तर गेला.

अ‍ॅग्लोनिमाला मात्र दिवस मावळताना घरात घ्यायचं. फरशीवर नाही, पाटावर किंवा स्टुलावर, आणि रात्री खिडकीच्या काचेपासून लांब. सगळ्या कुंड्या आत नेणं जमत नसेल तर भिंतीलगत घोळक्यात ठेवून वर जुनी चादर टाकावी, सकाळी काढावी. प्लास्टिक टाकलंच तर पानांना टेकू देऊ नये. जिथे टेकतं तिथे पान गारठतं आणि आत घामही धरतो. वरची दोन बोटं माती कोरडी झाली तरच पाणी, तेही सकाळी दहा-अकराच्या सुमारास. पहाटे टाकीतलं पाणी आपल्याला हात घालवत नाही, मुळांना काय वाटत असेल. डाग पडलेलं पान परत हिरवं होत नाही. पण अर्धं हिरवं असेल तर राहू द्या, ते अजून कामाचं आहे. मऊ पडलेलं तेवढं कापा. थंडीत खत नको.

कोलियस या रंगीत पानांच्या झाडाची चिंता मी करत नाही. चार फांद्या पाण्याच्या ग्लासात घरात ठेवल्या की बी-बियाण्याची सोय झाली. अवघड जागचं दुखणं म्हणजे अ‍ॅलोकेशिया, हाही अळूच्याच कुळातला. त्याला खोडही असतं आणि खाली गड्डाही, त्यामुळे पानं गळाली तर झोपला की गारठला हे नुसतं पाहून सांगता येत नाही. मी खोडाचं बूड चिमटीत धरून बघते. घट्ट असेल तर पाणी तोडून कुंडी उबेत सरकवते आणि पाडव्यापर्यंत तिच्याकडे बघत नाही.