लिंबूवर्गीय सेंद्रिय बागेतील जमीन-सुधारणा (कोल्हापूर जिल्हा)

कागदी लिंबू, मोसंबी, संत्रे अशा लिंबूवर्गीय फळझाडांच्या बागेत रासायनिक खते व तणनाशके बंद करून जमिनीतील हवा, ओल, सेंद्रिय कर्ब आणि सूक्ष्मजीव यांची बिघडलेली घडी पुन्हा बसवणे. संत्र्यासाठी विदर्भाचे आणि मोसंबीसाठी जालन्याचे नाव घेतात, तसे कोल्हापूरचे कोणी घेत नाही. हा उसाचा जिल्हा. लिंबू इथे विहिरीच्या कडेला, बांधावर किंवा उसातून मोकळ्या केलेल्या तुकड्यात दिसते. त्यामुळे इथल्या बागेची जमीन सुधारणे म्हणजे बरेचसे उसाच्या पाण्याने करून ठेवलेले निस्तरणे होय.

लिंबाची अन्न घेणारी तंतुमुळे बहुतांशी वरच्या एक-दीड फुटातच पसरतात. त्यांवर मूलकेस विरळ असतात आणि ती उणीव मायकोरायझा ही मुळांशी सहजीवन करणारी बुरशी भरून काढते. स्फुरद (फॉस्फरस) व जस्त झाडाला मिळण्यात तिचा वाटा मोठा असतो. नांगर किंवा रोटाव्हेटर बागेत फिरला की मुळे आणि बुरशीचे जाळे दोन्ही तुटतात. याहून मोठी अडचण हवेची. मुळांना श्वासाला प्राणवायू लागतो आणि तो मातीच्या पोकळ्यांतून मिळतो. पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या तर तंतुमुळे काही दिवसांतच कुजू लागतात. माती ओली आहे, पण मोठ्या पोकळ्यांत हवा खेळते आहे, या स्थितीला शेतकरी वाफसा म्हणतो. मूठभर माती दाबली तर लाडू वळावा, आणि तो कमरेच्या उंचीवरून सोडला तर फुटावा, ही त्याची ढोबळ परीक्षा. सेंद्रिय बाग म्हटले की आधी कोणते खत घालू, असे विचारले जाते. खरे तर पहिला प्रश्न वाफसा किती दिवस टिकतो हा असला पाहिजे.

जिल्ह्यात एकच एक उपाय चालत नाही. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तर शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या जवळपास. पश्चिमेकडे शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगड भागात तांबडी, जांभ्या खडकाची, आम्ल माती आहे. पावसाने तिच्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम धुऊन जाते आणि स्फुरद लोह-ॲल्युमिनियमशी बांधला जातो. तिथे चुना किंवा डोलोमाइट लागतो. रॉक फॉस्फेट हे खनिज खत अशा आम्ल मातीतच विरघळते. पूर्वेच्या चुनखडीयुक्त काळ्या रानात तेच पोते जवळजवळ वाया जाते. पूर्वेला हातकणंगले, शिरोळ या तालुक्यांत खोल काळी जमीन आणि नदीकाठची मळीची रानं आहेत. (इथे मळी म्हणजे गाळाची जमीन, कारखान्यातली मळी नव्हे. बोलताना घोळ होतो.) पंचगंगा-कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाणी चढलेल्या रानात लिंबू लावूच नये, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

पूर्व भागाचे दुखणे मीठफुटी आणि चोपण हे आहे. वर्षानुवर्षे उसाला पाटाने भरमसाठ पाणी दिल्याने भूजल वर आले. पाणी केशाकर्षणाने पृष्ठभागी येऊन उडून गेले आणि क्षार मागे राहिले. उन्हाळ्यात रानावर पांढरा थर दिसतो ती मीठफुटी. सोडियमचा जोर वाढून मातीचे कण विस्कटले, सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ८.५ च्या वर गेला, की ती चोपण जमीन; पावसात तिचा चिखल होतो आणि वाळली की ढेकूळ विटेसारखे टणक. लिंबूवर्गीय झाडे क्षारांना फार हळवी असतात. पानांची टोके करपणे, नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडणे, ही लक्षणे आधी दिसतात. दुसरे लक्षण लोहाच्या कमतरतेचे. मातीत लोह असते, पण चुनखडी आणि चढलेला सामू ते झाडाला मिळू देत नाहीत. मोसंबी-संत्र्याची कलमे घेताना इथे खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळाकडचे झाड) जंबेरीपेक्षा रंगपूर लाइमचा बरा, कारण तो क्षार व चुनखडी जास्त सोसतो. कागदी लिंबाची झाडे मात्र बहुधा बियांपासूनच करतात, तेव्हा तिथे हा मार्ग उरत नाही.

चोपण जमिनीत जिप्सम हे खनिज सेंद्रिय नियमांतही चालते. त्यातले कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवते. पण सुटलेले सोडियम पाण्याबरोबर रानाबाहेर गेले नाही तर सारा खर्च पाण्यात. म्हणून चर आधी, जिप्सम नंतर. शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षारपड रानांतले पाणी काढण्याचे काम झाले आहे. एकट्या बागायतदाराला ते जमत नाही. पाइपचे पाणी कुणाच्या तरी रानातूनच ओढ्याला न्यावे लागते. शेजारी उसाला पाणी सोडतो तेव्हा बांधालगतच्या झाडांची पाने मलूल होतात, आणि हा वाद कुठल्याही जीवामृताने (शेण-गोमूत्राच्या आंबवणाने) मिटत नाही. बांधालगत खोल चर काढणे आणि झाडे रुंद गादीवाफ्यावर घेणे एवढे आपल्या हातात असते.

जमिनीचा कागदी अहवाल घ्यावाच, पण त्याआधी कुदळ घ्यावी. झाडाच्या घेराच्या कडेखाली एक फूट खोल खड्डा काढून मुळे पाहावीत. निरोगी तंतुमूळ फिकट पिवळसर आणि चिवट असते. कुजलेले मूळ चिमटीत धरून ओढले तर साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोऱ्यासारखा गाभा राहतो. हे फायटोप्थोरा बुरशीचे काम. खड्ड्याच्या भिंतीत सात-आठ इंचांवर गुळगुळीत, घट्ट पट्टा लागला तर तो नांगराचा किंवा जड ट्रॅक्टरचा तवा. सुक्या ढेकळाचा सुपारीएवढा तुकडा ग्लासभर पाण्यात सोडावा. मिनिटाभरात विरघळून गाळ झाला तर मातीची कणरचना मोडली आहे. तासाभराने अखंड असेल तर तीत जीव आहे.

सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांच्या खाली असेल तर महाराष्ट्रात तो कमी धरतात. तो वाढवणे किती संथ काम आहे, हे साध्या हिशेबाने कळते. एक एकराचा वरचा सहा इंचांचा थर सुमारे नऊ लाख किलो भरतो. कर्ब ०.१० टक्क्याने वाढवायचा तर नऊशे किलो कर्ब, म्हणजे दीड हजार किलोंवर ह्यूमस मातीत टिकायला हवा. घातलेल्या काडीकचऱ्यातला बराचसा भाग कुजताना हवेत निघून जातो. त्यामुळे एका हंगामात कर्ब दुप्पट झाल्याच्या जाहिराती वाचून पाकीट काढू नये.

सामग्रीची मात्र कोल्हापुरात ददात नाही. उसाचे पाचट एकरी तीन-चार टन निघते आणि अजूनही पेटवले जाते. बागेत ते सहा इंच जाडीने पसरावे, बुंध्यापासून वीतभर दूर. गाडू नये, कारण कर्ब जास्त आणि नत्र कमी असल्याने गाडलेले पाचट कुजताना मातीतलाच नत्र ओढून घेते. गुऱ्हाळातल्या चिपाडाच्या राखेत पालाश असतो, पण राख अल्कधर्मी असल्याने ती तांबड्या रानात घालावी, चोपणात नको. म्हशींचे शेण मुबलक, तरी उकिरड्यातले अर्धवट कुजलेले शेणखत म्हणजे हुमणीला आमंत्रण; अळ्या खतातून येतात आणि मुळे कुरतडतात. उन्हाळ्यात धनगराची बकरी दोन-चार रात्री रानात बसवली तर लेंडी आणि मूत जागच्या जागी मिळते. ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यात पावसाळ्याच्या तोंडाला बोरू, क्षारपड रानात धैंचा ही हिरवळीची पिके पेरून फुलोऱ्याआधी, दीड महिन्याच्या सुमारास कापून तिथेच आच्छादन करावे. कोल्हापूरचे शेतकरी-अभ्यासक प्रताप चिपळूणकर यांनी विनानांगरणी शेतीची जी बाजू मांडली, ती इथे विशेष लागू पडते: मुळे जागेवर कुजली की त्यांच्या वाटा हवेला आणि पाण्याला मोकळ्या राहतात.

नत्राचा (नायट्रोजनचा) हिशेब अनेक सेंद्रिय बागांत चुकतो. पूर्ण वाढलेल्या लिंबाला शिफारशीप्रमाणे वर्षाला ६०० ग्रॅमच्या आसपास नत्र धरतात. शेणखतात तो जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे एका झाडाला १२० किलो खत. सहा मीटर अंतरावरच्या एकरी एकशे दहा झाडांना तेरा टन. इतके कोण आणणार? म्हणून निंबोळी पेंड आणि द्विदल आच्छादन यांच्यावर भार टाकावा लागतो. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन असे जीवामृत घालायला हरकत नाही, पण त्यातून मिळणारे अन्न नगण्य असते. ते विरजण आहे. दूध आधी हवे.

डिंक्या रोगासाठी (यात खोडातून डिंक गळतो) बुंध्याला बोर्डो पेस्ट (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी) लावतात. सेंद्रिय नियमांत ती मर्यादेत चालते, तथापि तांबे मातीत साठत जाते आणि गांडुळांना बाधते. त्याऐवजी दुहेरी आळे (बुंध्याभोवती एक आणि त्याबाहेर पाण्यासाठी दुसरे) करून पाणी बुंध्याला लागू न देणे आणि कुजलेल्या शेणखतातून ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी देणे यांवर भर असावा. बहार धरण्यासाठीचा ताणही (फुलोरा यावा म्हणून काही काळ पाणी तोडणे) बेताने द्यावा. काळ्या रानात ताण लांबला की भेगा पडून तंतुमुळे तुटतात, आणि पश्चिमेकडे परतीचा पाऊस हस्त बहाराचा (पावसाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्याचा) ताण बसूच देत नाही.

राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार बहुवर्षायू फळबागेला पहिल्या प्रमाणित तोडणीआधी ३६ महिन्यांचा रूपांतरकाळ असतो. याच काळात उत्पन्न घटते आणि भाव अजून साध्या लिंबाचाच मिळतो, त्यामुळे पहिली दोन वर्षे ओळींमध्ये चवळी, भुईमूग, हरभरा यांसारखी आंतरपिके घेतात. मेलेले झाड काढल्यावर त्याच खड्ड्यात लगेच दुसरे रोप लावत नाहीत. मुळ्या वेचून खड्डा उन्हाळाभर उघडा ठेवतात, दोन पावसाळे तिथे बोरू घेतात आणि नवे रोप जुन्या जागेपासून हातभर सरकवून, उंचवट्यावर लावतात.