कोटेशन खालून वर वाचा

लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा) कोणत्याही दुकानात कॉम्प्युटर असेम्बल करायचाय म्हटलं की काउंटरवरचा मुलगा कोटेशनचा पॅड पुढे ओढतो. पहिली ओळ प्रोसेसर. मग मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड. कॅबिनेट आणि एसएमपीएस (भिंतीतली वीज मशीनला पचेल अशी करून देणारा डबा) अगदी तळाला, बरेचदा कंपनीचं नावही न घालता, नुसतं ‘४५० वॉट’. बजेट ओलांडलं की कात्री लागते ती याच दोन ओळींना. दिवसा ऑफिसचं काम आणि रात्री गेम अशा दुहेरी वापराचं मशीन घ्यायचं असेल आणि ते मुंबईतल्या घरात ठेवायचं असेल, तर हा कागद खालून वर वाचावा असं माझं मत आहे.

कॉम्प्युटरमध्ये गेलेल्या विजेचं शेवटी होतं काय? मॉनिटरकडे आणि राउटरकडे जे सिग्नल जातात त्यांतली ऊर्जा नगण्य. बाकी जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीत येते. मशीन ४०० वॉट खात असेल तर खोलीत ४०० वॉटचा हीटर लावल्यासारखंच आहे. मग तुम्ही ड्रॅगन मारत असा की जीएसटीचं रिटर्न भरत असा.

चिपमधला प्रत्येक ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा सूक्ष्म स्विच, उघडझाप करताना थोडा विद्युतभार भरतो आणि सोडतो. यात जाणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात आणि घड्याळाच्या वेगाच्या (सेकंदाला किती आवर्तनं, तो गिगाहर्ट्झचा आकडा) प्रमाणात वाढते. १९७४ साली आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ट्रान्झिस्टर लहान करत नेला तर व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येतं, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवूनही चिप जास्त तापत नाही. तीस वर्षं या उद्योगानं या सवलतीवर मजा केली. २००५ च्या आसपास ती संपली, कारण व्होल्टेज आणखी उतरवलं की बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज गळू लागते. पेंटियम ४ नं २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झ गाठले आणि ४ गिगाहर्ट्झचा ठरलेला बेत इंटेलनं त्याच वर्षी सोडून दिला. आज सगळ्यात वेगवान डेस्कटॉप प्रोसेसर क्षणभर ६ च्या आसपास जातात. वीस वर्षांत एवढीच मजल.

वेगाचा शेवटचा तुकडा व्होल्टेज चढवून मिळतो, आणि तिथे तो वर्ग आडवा येतो. एएमडीच्या रायझन ५ ७६०० प्रोसेसरवर छापलेला आकडा ६५ वॉट, प्रत्यक्ष मर्यादा ८८. इंटेलच्या कोअर आय९-१४९००के वर १२५ छापलेले असतात, पण पूर्ण ताणावर मर्यादा २५३. ग्राफिक्स कार्डांत आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉट लागतात, ४०९० ला ४५०. जाहिरातीत फ्रेम्स (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) मोठ्या टाइपात असतात, वॉट शोधावे लागतात.

चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक कामामुळे झालेली वाढ. यूट्यूबवरच्या बहुतेक चाचण्या २०-२२ अंशांच्या खोलीत होतात. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत ३३ अंश असतील तर तेच मशीन तेच काम करताना अकरा-बारा अंश जास्त तापेल. ९५ ते १०० अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे पैसे मोजून घेतलेला वेग वापरायलाच मिळत नाही. एसी लावला तरी हिशेब सुटत नाही. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर फेकतो. ४०० वॉट म्हणजे त्याचा नववा हिस्सा, फक्त कॉम्प्युटरसाठी. रोज चार तास गेम खेळलात तर महिन्याला ४८ युनिट नुसत्या मशीनची, आणि ती बिलाच्या सगळ्यात महागड्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात.

आता कागदाची तळची ओळ. एसएमपीएसच्या खोक्यावर ‘८० प्लस गोल्ड’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, निम्म्या लोडवर सुमारे ९० टक्के वीज उपयोगी पडते. चाचणी मात्र २३ अंशांच्या आसपासच्या हवेत होते. मुंबईत २३ अंश म्हणजे कपाटातून स्वेटर काढायचं निमित्त. खरा फरक आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागांमध्ये, आहे. इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटरमध्ये एक द्राव असतो आणि तो उष्णतेनं हळूहळू उडून जातो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. ८५ अंशांना २००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांच्या एसएमपीएसमध्ये ८००० तास चालेल. रोज आठ तास वापर धरला तर तीन वर्षंही नाहीत. १०५ अंशांना तेवढेच तास टिकणारा कपॅसिटर त्याच जागी ३२,००० तास जाईल, म्हणजे जवळपास अकरा वर्षं. डोकं फुगलेला कपॅसिटर कुठल्याही रिपेअरवाल्याला विचारा, तो टेबलाच्या खणातून मूठभर काढून दाखवेल. त्यामुळे ‘जपानी, १०५ अंश’ असं लिहिलेलं, पाच-सात वर्षांची वॉरंटी असलेलं, आणि लागणाऱ्या वॉटच्या दीडपट क्षमतेचं एसएमपीएस घ्यावं. इथे हात आखडू नये.

जुन्या चाळीत किंवा पागडीच्या इमारतीत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. मशीन चालू असताना कॅबिनेटच्या धातूला बोटाची मागची बाजू लावली की झिणझिण्या येतात का? एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटपर्यंत एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. सॉकेटमध्ये अर्थिंग असेल तर तिथली गळती जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेट २३० च्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतं. प्रवाह इतका कमी असतो की माणसाला सहसा इजा होत नाही, पण त्या अवस्थेत टीव्हीची एचडीएमआय केबल खुपसली तर पोर्ट जाऊ शकतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावणं हा मुंबईतला जुना जुगाड आहे. इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा, ग्राफिक्स कार्ड नंतर घ्या.

मुंबईत वीज सहसा जात नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळून लोकलसुद्धा थांबल्या, तो दिवस लोक अजून सांगतात, यातच काय ते आलं. तरी घरून काम करणाऱ्यानं यूपीएस ठेवावा. फक्त घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉट देतो, हे लक्षात असू द्या. एक्सेलवर तो निभावतो. गेम ऐन रंगात असताना वीज गेली तर ओव्हरलोड होऊन स्वतःच मान टाकतो.

मग कॅबिनेट. दुकानात पुढे काच आणि आत इंद्रधनुष्यी दिवे असलेली मॉडेलं मांडलेली असतात. पण काचेतून हवा जात नाही. एक घनमीटर हवा एक अंशानं तापवायला साधारण १२०० ज्यूल लागतात. ४०० वॉट बाहेर काढायचे आणि आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर दर सेकंदाला सुमारे ३३ लिटर हवा आरपार गेली पाहिजे. १२० मिलिमीटरचा चांगला पंखा मोकळ्या हवेत २५ लिटरच्या आसपास ढकलतो. जाळी आणि धुळीतून त्याहून बराच कमी. दोन पंखे आत खेचणारे आणि एक बाहेर टाकणारा, ही मांडणी या गुणाकारातून आलेली आहे. पुढची बाजू जाळीची हवी आणि धुळीचा फिल्टर ओढून काढता आला पाहिजे.

आमच्या हवेत धुळीबरोबर मीठ येतं. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचे कण हवेतलं पाणी ओढून विरघळतात, आणि पावसाळ्यात मुंबई या रेषेच्या वरच असते. मदरबोर्डवरची कोरडी धूळ निरुपद्रवी. ओली खारट धूळ तांबं खाते. गंमत अशी की चालू मशीनला पावसाळ्याचा धोका कमी. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असलेली हवा कॅबिनेटमध्ये ४० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांखाली येते. कोकणात गणपतीला जाऊन आठ-दहा दिवस बंद ठेवलेलं मशीन जास्त ओल पितं. आणि जुलैत रात्रभर २२ अंशांवर एसी चालवून सकाळी खिडक्या उघडल्या, की चष्म्यावर साचते तशीच वाफ बंद मशीनच्या थंडगार धातूवरही साचते. अर्धा-पाऊण तास थांबून मग बटण दाबावं.

ग्राफिक्स कार्ड किती मोठं, हे मॉनिटर ठरवतो. म्हणून मॉनिटर आधी ठरवा. १०८० पी म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४० पी म्हणजे ३६.९ लाख, ४के म्हणजे ८२.९ लाख. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एकेका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हव्या असतील तर ६.९. ४के आणि १४४ दोन्ही मागितलं की ४०० वॉटचा हिशेब विसरा. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर वेगळं ओळखता येतं. दोन फुटांवरून, म्हणजे मुंबईतल्या टेबलाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेएवढ्या अंतरावरून, हे सुमारे ०.१८ मिलिमीटर भरतं. २४ इंची १०८० पी मध्ये पिक्सेल ०.२८ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे दिवसभर वाचताना अक्षरांच्या कडा जाणवतात. २७ इंची ४के मध्ये ०.१६, म्हणजे डोळ्याच्या कुवतीपलीकडे. २७ इंची १४४० पी मध्ये ०.२३, काम आणि गेम दोन्हीला मला हाच मध्य पटतो, कार्डही मग १५०-२०० वॉटच्या वर्गातलं पुरतं. त्याची मेमरी १२ जीबी किंवा जास्त बघा, कारण नव्या गेमच्या टेक्श्चरना (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांना) ८ जीबी अपुरी पडू लागली आहे. आणि गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम्सना मॉनिटरच्या वेगापुरती मर्यादा घाला. मॉनिटर दाखवूच शकत नाही त्या फ्रेम्स तयार करून फक्त खोली तापते.

एसएसडीवर फार वेळ घालवू नका. १ टीबीची मधल्या किमतीची एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी वेगवान एसएसडी) पुरे. ७००० एमबी प्रति सेकंद हा आकडा मोठी फाइल सलग वाचतानाचा. विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फाइली वाचल्या जातात, तिथे फरक जाणवत नाही. रॅम मात्र दोन काड्यांची घ्या. डीडीआर५-५६०० ची एक काडी सेकंदाला ४४.८ जीबी देऊ शकते, दोन काड्या वेगवेगळ्या चॅनेलवर (प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटांवर) ८९.६. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे भाव पेटवले आहेत, त्यामुळे ‘आता एक टाका, दुसरी नंतर’ असा सल्ला मिळेल. मोठी एक घेण्यापेक्षा लहान दोन घ्या.

राहिला प्रोसेसर. कॉम्प्युटर आर्किटेक्ट जीन अम्डालनं १९६७ मध्ये मांडलेला मुद्दा इथे कामाचा आहे: कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही, तोच शेवटी वेग ठरवतो. समजा गेममधलं ३० टक्के काम एकाच कोअरला (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र काम करणाऱ्या भागाला) करावं लागतं. मग आठ कोअरनी वेग २.६ पट होतो आणि सोळा कोअरनी २.९ पट. दुप्पट कोअरचे पैसे या ०.३ साठी. व्हिडिओ एडिटिंगची निर्यात किंवा थ्रीडी रेंडर हे पोटापाण्याचं काम असेल तर गोष्ट वेगळी, तिथे काम नीट वाटलं जातं. गेमला कोअरपेक्षा कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) जास्त मानवतो. रॅममधून माहिती आणायला ७०-८० नॅनोसेकंद लागतात. ५ गिगाहर्ट्झवर तेवढ्यात प्रोसेसरची साडेतीनशेहून जास्त आवर्तनं वाया जातात. रायझन ७ ७८००एक्स३डी मध्ये ९६ एमबीचा एल३ कॅश आहे, त्यामुळे रॅमकडे जायची वेळच कमी येते, आणि गेम खेळताना तो छापलेल्या १२० वॉटपेक्षा बराच कमी खातो. बजेट तेवढं नसेल तर ६५ वॉटचा सहा कोअरवाला घ्या आणि वाचलेले पैसे कार्डात घाला.

मोठा प्रोसेसर आधीच घेऊन बसला असाल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डच्या प्रोग्राममध्ये) इको मोड किंवा पॉवर लिमिट नावाचं सेटिंग असतं. १७० वॉटचा रायझन तिथे ६५ वर आणता येतो. वेग उतरतो, पण वॉट ज्या प्रमाणात उतरतात त्या मानानं फारच थोडा, कारण आधी जातो तो व्होल्टेज चढवून मिळवलेला तुकडा. मार्च ते जून ते तसंच ठेवायला हरकत नाही.