थायलंडच्या सहलीचा नकाशा कसा घडला

'बँकॉक-पट्टाया' ही जोडी मुंबई-पुण्याच्या टूरवाल्यांच्या जाहिरातींमुळे आपल्या कानांत इतकी बसली आहे की ही गावं एकमेकांना खेटून असावीत असं वाटतं. प्रत्यक्षात गाडीने दीडेकशे किलोमीटर जावं लागतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी पट्टाया ही समुद्राकाठची कोळ्यांची वस्ती होती. थायलंडला जाणारा माणूस आज ज्या ठिकाणांची यादी करतो, त्यांतली बरीचशी पर्यटनाशी संबंध नसलेल्या कारणांनी पुढे आली. ती कारणं जाण्यापूर्वी माहीत असावीत, असं मला मनापासून वाटतं.

पहिलं कारण रेल्वे. मलय द्वीपकल्पाकडे जाणारा दक्षिणेचा लोहमार्ग १९११ च्या सुमारास समुद्राकाठच्या हुआ हिन गावाला पोहोचला आणि बँकॉकच्या राजघराण्याला हवापालटाची जागा सापडली. रेल्वेचे प्रमुख राजपुत्र पुरछत्र यांच्या काळात तिथे रेल्वेचंच हॉटेल उभं राहिलं. पुढे राजा प्रजाधिपोक यांनी वाडा बांधला आणि त्याला नाव दिलं 'क्लाय कांगवॉन', म्हणजे चिंतेपासून दूर. २४ जून १९३२ रोजी बँकॉकमध्ये राजाची अनियंत्रित सत्ता संपवणारा उठाव झाला, तेव्हा राजे याच वाड्यात मुक्कामाला होते.

उत्तरेला चियांग माईपर्यंत गाडी जायला १९२१ उजाडलं. वाटेत खुन तानचा डोंगर फोडून सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा काढावा लागला. त्याआधी पिंग नदीतून होडीने वर जायला कित्येक आठवडे लागत. चियांग माईजवळच्या दोई सुथेप डोंगरावरच्या मंदिराकडे जाणारा घाटरस्ता मात्र सरकारने बांधलेला नाही. ख्रुबा सिविचाई या भिक्षूच्या हाकेला ओ देऊन आलेल्या हजारो लोकांनी १९३४-३५ मध्ये तो सहा महिन्यांच्या आत श्रमदानाने पुरा केला. त्या घाटातून वर जाताना गाडीतल्या प्रत्येकाला हे सांगावं, इतकी ती गोष्ट मोठी आहे.

पट्टायाचं नशीब व्हिएतनाम युद्धाने पालटलं. अमेरिकेचे विमानतळ थायलंडभर पसरले. जवळच्या उ-तापाओवरून बी-५२ बॉम्बफेकी विमानं उडत. सैनिकांना विश्रांतीसाठी थायलंडमध्ये पाठवण्याचा करार १९६७ मध्ये झाला. हॉटेलं आणि बार त्या मागणीतून आले. सैनिक गेले, पण धंद्याची घडी तशीच राहिली आणि युरोपातून येणारे पर्यटक तिच्यात सामावले. पट्टायाच्या रात्रीच्या बाजाराला त्या गावाचा 'स्वभाव' म्हणणं अन्यायाचं आहे. तो युद्धाने मागे ठेवलेला वारसा आहे.

सगळ्यांत विलक्षण कथा फुकेतची. हे बेट कथलावर श्रीमंत झालं. आपल्याकडे भांड्यांना कल्हई करायला लागतं, तेच हे कथील. ते खणायला दक्षिण चीनमधून होक्कियन बोलणारे मजूर आणि व्यापारी आले. जुन्या फुकेत शहरातल्या ज्या कमानदार घरांसमोर लोक आज फोटो काढतात, ती याच पैशावर उभी राहिली. १९६७ मध्ये सारासिन पुलाने बेट मुख्य भूमीला जोडलं गेलं. मग १९८५ मध्ये जगाच्या बाजारात कथलाचे भाव कोसळले. त्याच सुमारास कथील वितळवल्यावर उरणाऱ्या मळीतून टँटॅलम हा इलेक्ट्रॉनिक्सला लागणारा धातू काढण्याचा कारखाना तिथे उभा राहत होता. किनाऱ्यावर तोवर पर्यटक येऊ लागले होते. प्रदूषणाने समुद्र आणि जगणं दोन्ही नासेल, या भीतीने लोक पेटून उठले. २३ जून १९८६ रोजी हजारोंच्या जमावाने कारखाना जाळला आणि सरकारला आणीबाणी लावावी लागली. पुढे कारखाना रायोंग प्रांतात गेला. जाळपोळीचं समर्थन होऊ शकत नाही, पण बेटाने खाण सोडून समुद्राकडे तोंड वळवलं ते याच वर्षांत. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, राजा भूमिबोल यांच्या साठीच्या निमित्ताने सरकारने 'थायलंड भेट वर्ष' साजरं केलं आणि परदेशी पाहुण्यांचा ओघ वाढला.

को समुई हे नारळाचं बेट. १९८९ मध्ये एका खासगी विमान कंपनीने तिथे स्वतःची धावपट्टी बांधली आणि बोटीची लांबलचक वाट वाचली.

ईशान्येकडचा ईसान मात्र मागे राहिला. देशाची जवळपास एक तृतीयांश लोकसंख्या इथे राहते. अमेरिकी मदतीने बांधलेला मैत्री महामार्ग १९५८ मध्येच इथल्या कोरात शहरापर्यंत आला होता, युद्धकाळातले तळही इथे होते, पण समुद्र नव्हता. तरी इथे फानोम रुंग आहे, विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावरचं ख्मेर (कंबोडियाच्या जुन्या साम्राज्याच्या) काळातलं शिवमंदिर. त्याच्या दारावरची शेषशायी विष्णूची कोरीव शिळा चोरीला जाऊन शिकागोच्या संग्रहालयात पोहोचली होती. थाई लोकांनी आवाज उठवल्यावर १९८८ मध्ये ती परत आली आणि आज पुन्हा आपल्या जागी बसवलेली आहे. बँकॉक-पट्टायाच्या पाच दिवसांत हे मंदिर बसत नाही. त्यासाठी दोन दिवस वाढवून घ्यावेत.