घडीव लोखंडी तवा

पोलादी पत्र्याची गोल चकती भट्टीत तापवून, हातोड्याने ठोकून खोलगट केलेला तवा. बाजारात ‘लोखंडी तवा’ म्हणून तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात आणि त्यांची गल्लत नेहमी होते. बिडाचा तवा हा साच्यात ओतलेला असतो. बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो, त्यामुळे ते ठिसूळ असते. त्यावर घाव घातला तर ते वाकत नाही, फुटते. यंत्रावर दाबलेला तवा एका फटक्यात आकार घेतो आणि त्याची जाडी सगळीकडे जवळपास सारखी असते. घडीव तवा लोहार शेकडो घावांनी हळूहळू बसवत आणतो. हातातून पडला तर बिडाचा तवा तडकतो, घडीव तवा फार तर चेपतो, आणि चेपलेला तवा पुन्हा ठोकून सरळ करता येतो.

नाव लोखंडाचे असले तरी आजचा घडीव तवा माइल्ड स्टीलचा, म्हणजे पाव टक्क्याहून कमी कार्बन असलेल्या मऊ पोलादाचा असतो. पत्र्याच्या दुकानात त्याला ‘एम.एस.’ म्हणतात. कोयता, विळा किंवा कुऱ्हाड घडवताना लोहार ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे शोधतो, कारण त्या पोलादाला पाणी देता येते. म्हणजे लाल पाते पाण्यात किंवा तेलात बुडवून धार टणक करता येते. तव्याला पाणी देत नाहीत. त्याला धार नको, टणकपणाही नको. हवी असते ती सारखी जाडी आणि न डगमगणारे बूड. म्हणूनच कोयत्यात तरबेज असलेल्या हाताचाही पहिला तवा बहुधा बिघडतो. तिथे घाव कुठे घालायचा हे ठाऊक असावे लागते, इथे कुठे घालायचा नाही हे.

पत्रा आणि त्याचे गणित

घरगुती तव्याला अडीच ते सव्वातीन मिलिमीटर जाडीचा पत्रा लागतो. जुन्या ड्रमचा पत्रा जेमतेम एक-सव्वा मिलिमीटरचा असतो. त्याचा तवा पटकन तापतो, पण भाकरी मध्येच करपते आणि कडेला कच्ची राहते. ड्रममध्ये आधी कोणते रसायन होते हेही सांगता येत नाही. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा भट्टीत मुळीच घालू नये. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

३० सेंटिमीटर व्यासाच्या, ३ मिलिमीटर जाडीच्या चकतीचे वजन सुमारे १ किलो ६६० ग्रॅम भरते. तिचा काठाचा तवा, म्हणजे ज्याला पॅन म्हणतात तसा तवा करायचा असे समजू. बूड २० सेंटिमीटरचे ठेवून भोवतालची ५ सेंटिमीटरची पट्टी तिरकी उचलली, की तोंड सुमारे २७ सेंटिमीटर होते आणि खोली साडेतीन सेंटिमीटर. आता परीघ पाहा. सपाट चकतीचा परीघ ९४ सेंटिमीटर होता, तव्याच्या तोंडाचा परीघ ८५ सेंटिमीटर आहे. काठावरचे हे ९ सेंटिमीटर लोखंड कुठे तरी जिरायला हवे. ते जिरले नाही तर काठाला चुण्या पडतात. मोदकाला ज्या कळ्या कौतुकाने पाडतात, त्याच इथे तव्याचा घात करतात, कारण एक चुणी दुसरीवर दुमडली की तिथे पुढे चीर जाते. घडाईतील बहुतेक कसब या ९ सेंटिमीटरांपाशी खर्च होते.

घडाई

साधने थोडी लागतात : भट्टी, ऐरण, सांडशी, गोल तोंडाचा एक जड आणि सपाट तोंडाचा एक हलका हातोडा, छिन्नी, भोक पाडायला सुंबा, कानस. भात्याच्या जागी आता बहुतेक ठिकाणी विजेचा पंखा आला आहे. याशिवाय एक लाकडी ओंडका लागतो, शक्यतो बाभळीचा, आणि त्याच्या माथ्यावर वाटीएवढा उथळ खड्डा. लाल पत्रा त्या खड्ड्यावर धरून ठोकला की लाकूड जळते, धूर डोळ्यांत जातो आणि खड्डा आपोआप आणखी घोटीव होत जातो. दहा-बारा तवे झालेला ओंडका नव्यापेक्षा चांगला चालतो.

भट्टीतून काढलेल्या लोखंडाचा रंग हाच लोहाराचा तापमापक. ठोकाईला चांगला तो नारिंगी ते पिवळट रंग, म्हणजे साधारण ९०० ते ११०० अंश. त्यापुढे पांढरा होऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या तर लोखंड जळत आहे असे समजावे. पातळ पत्र्याचा काठ आधी जळतो, म्हणून चकती निखाऱ्यांत सतत फिरवत ठेवतात. लाली उतरली की थांबावे. पुढे २०० ते ४०० अंशांच्या दरम्यान, पृष्ठभागावर निळसर झाक येते त्या टप्प्यात, पोलाद थंड असताना असते त्याहूनही ठिसूळ वागते. पातळ पत्रा दहा-पंधरा सेकंदांतच काळवंडतो. एकदा तापवून ठोकण्याच्या या फेरीला ताव म्हणतात. एका तव्याला दहा-पंधरा ताव सहज लागतात.

सुरुवात बुडाची रेघ आखून होते. तिच्या लगेच बाहेरून, गोलाकार, एकाला एक लागून घाव घालत काठाकडे सरकायचे. एका जागी दोन जोरदार घाव घालण्यापेक्षा दहा जागी दहा हलके घाव बरे. पहिल्या दोन-तीन तावांत काठ लाटेसारखा वरखाली होतो आणि नवशिक्याला वाटते, काम हातचे गेले. गेलेले नसते. लाट अजून उथळ असतानाच, तव्याचा काठ ऐरणीवर टेकवून, बाहेरून सपाट हातोड्याने हलकेच ठोकत ती दाबून बसवायची. लोखंड तिथे स्वतःतच मिटते आणि काठ किंचित जाड होतो. हा जाड काठ पुढे तव्याच्या कामी येतो, तापल्यावर तोच आकार धरून ठेवतो. लाट खोल होऊन दुमडायला लागली की मात्र उशीर झालेला असतो.

दुसरी अडचण बुडाची. मध्यभागी जास्त ठोकले गेले तर तिथला पत्रा ताणून पातळ होतो, पसरतो, आणि त्याला जागा न मिळाल्याने फुगतो. तव्याला पोट सुटते. अंगठ्याने दाबले की टप्पकन आत जाते, सोडले की बाहेर येते. सहज सुचणारा उपाय म्हणजे फुगवट्यावरच घाव, आणि तोच नेमका चुकीचा, कारण प्रत्येक घावाने तो भाग आणखी पसरतो आणि पोट वाढते. उपाय उलटा आहे. फुगवट्याला हात न लावता त्याच्या भोवतालचा पत्रा बाहेरच्या बाजूला हलक्या घावांनी थोडा ताणायचा, म्हणजे मधल्या जास्तीच्या लोखंडाला पसरायला जागा होते आणि पोट बसते. हे मी एकदा भर आठवडे बाजारात पाहिले आहे. गिऱ्हाईक मध्ये मध्ये बोट दाखवत होते, लोहार कडेकडेने ठोकत होता, आणि सहा-सात घावांत बूड गप्प झाले.

आकार आल्यावर मठारणे. हा शब्द तांबटांकडचा. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर एकसारख्या खळ्या उठवतात ते मठारकाम. तांबे तापवून मऊ करतात आणि गार झाल्यावर ठोकतात. लोखंडी तव्याची मठारणीही गार असतानाच करतात, पण हेतू नक्षीचा नसतो. मोठ्या घावांचे खड्डे मिटवून आतली बाजू उलथने अडकणार नाही इतकी सपाट करणे एवढेच पाहायचे असते. सध्या यंत्रावर दाबलेल्या तव्यांवरही मठारल्यासारख्या खळ्या उठवून ‘हातघडीचा’ म्हणून विकतात. त्या खळ्या एकमेकींपासून मोजून सारख्या अंतरावर असतात. खऱ्या घावांच्या खुणा एकमेकींवर चढलेल्या असतात आणि पाठीमागे भट्टीतल्या काळ्या खपल्यांचे अवशेष सापडतात.

दांडा

मराठी घरातल्या पारंपरिक तव्याला दांडा नसतो, तो सांडशीनेच उचलतात. कढईला दोन कान असतात. लांब दांडा ही पॅनची रीत. त्यासाठी २५ मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड पट्टी घेऊन ती टोकाकडे निमुळती करत लांबवतात, टोकाला टांगण्यासाठी वळसा किंवा भोक देतात आणि तव्याकडचे टोक पंख्यासारखे पसरवून काठाच्या उतारावर बसेल असे वाकवतात. जोड रिपीट, म्हणजे रिव्हेट, मारून करतात. तीन रिपिटे त्रिकोणात मारली तर दांडा फिरत नाही, दोन मारली तर वर्ष-दोन वर्षांत हलायला लागतो. रिपीट लाल करून घालावे आणि बाहेर त्याच्या जाडीच्या दीडपट दांडी ठेवून डोके ठोकावे. गार होताना रिपीट आखडते आणि दोन्ही पत्रे घट्ट आवळून धरते. वेल्डिंगने काम लवकर होते आणि ते कमजोरही नसते, पण सांध्याच्या खाचेत पीठ आणि तेल अडकून राहते.

तवा तयार करणे

भट्टीतून आलेल्या तव्यावर लोहऑक्साइडची करडी-काळी खपली असते. ती घासून, किंवा तवा रात्रभर व्हिनेगरमध्ये अथवा चिंचेच्या कोळात बुडवून काढतात. मग धुऊन ताबडतोब आचेवर कोरडा करावा लागतो. उघडे पोलाद दमट हवेत तासाभरातच तांबूस दिसू लागते, कोकणातल्या पावसाळ्यात त्याहूनही लवकर. त्यावर जवसाचे किंवा शेंगदाण्याचे तेल अगदी पातळ लावायचे, जवळजवळ सगळे पुसून टाकायचे आणि धूर येईपर्यंत तापवायचे. असे चार-पाच वेळा केले की तेलाचे रेणू एकमेकांत गुंतून कडक, काळपट थर बनतो. घरोघरी याला तवा तयार करणे म्हणतात. जाड तेल लावले तर थर चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते, ही सर्वांत जास्त होणारी चूक. अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तव्यावर फिरवण्याची आजीची रीत हेच काम करते. फक्त ती रोज थोडे थोडे करते. पहिली भाकरी किंवा धिरडे खपलीचे काळे कण ओढून घेते, म्हणून ते खात नाहीत.

अशा तव्यावर आंबट शिजवू नये. चिंच, कोकम किंवा टोमॅटोने तेलाचा थर सुटतो, लोखंड पदार्थात उतरते आणि रस्सा काळा पडून त्याला धातूची चव येते. भाकरी, पोळी, आंबोळी, अंडे, मासे यांना तो उत्तम. पोलाद उष्णता तांब्याच्या सुमारे अष्टमांशच वाहून नेते, त्यामुळे मोठ्या आचेवर ज्योतीवरचा भाग आधी तापतो आणि तव्याचा आकार मुरडू शकतो. मंद आचेवर पाच मिनिटे ठेवून मग वापरावा. इंडक्शन शेगडीवर हा तवा चालतो, पण बूड पूर्ण सपाट लागते. चुलीसाठी घडवलेल्या किंचित गोलसर बुडाच्या तव्याचा तिथे उपयोग नाही.

घडवणारे

महाराष्ट्रात लोखंडाचे काम फार जुने आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात झालेल्या उत्खननात, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. गावगाड्यात लोहार बारा बलुतेदारांपैकी एक. नांगराचा फाळ, विळा, कोयता ही त्याची हक्काची कामे, तवा फावल्या वेळातला. घिसाडी किंवा गाडी लोहार गावोगाव फिरून रस्त्याकडेला ऐरण मांडतात. राज्याच्या यादीत ते भटक्या जमातींत मोडतात. त्यांच्यात पुरुष सांडशीने लोखंड धरून फिरवतो आणि घण बहुधा बाई घालते. घाव कुठे पडावा हे तो हलका हातोडा ऐरणीवर वाजवून दाखवतो. तव्याच्या कामात मात्र घण फारसा लागत नाही, पत्रा लगेच पातळ होतो.

मुरडलेला किंवा चेपलेला तवा त्यांच्याकडे परत आणतात. तो लाल करून ऐरणीवर पालथा घालायचा आणि काठाकडून आत येत हलके घाव घालायचे. तेलाचा जुना थर त्यात जळून जातो आणि तवा नव्याने तयार करावा लागतो.