घरातले वाय-फाय एक किलोमीटरवर नेताना

घरातल्या वाय-फायची जोडणी एक किलोमीटरवरच्या शेतघरापर्यंत न्यायची झाली, की अधिक ताकदीचा राउटर शोधण्याकडे बहुतेकांचा कल असतो. त्याने फारसे साधत नाही. वाय-फायमध्ये बोलणे दोन्ही बाजूंनी चालते, त्यामुळे राउटरचा संकेत शेतापर्यंत पोहोचला तरी तिथल्या मोबाइलचे क्षीण उत्तर घरापर्यंत परतले नाही, तर रेंज दिसूनही पान उघडत नाही. शिवाय वाय-फाय ज्यावर चालते त्या २.४ गिगाहर्ट्झच्या विनापरवाना लहरीपट्ट्यात भारतात २००५ च्या नियमाने प्रक्षेपकाला, म्हणजे संकेत पाठवणाऱ्या यंत्राला, १ वॉटची, आणि अँटेनाने एका दिशेला एकवटलेली शक्ती धरून ४ वॉटची कमाल मर्यादा आहे.

खरे काम अँटेना करतो. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेतही संकेताची शक्ती चौथाईवर येते. म्हणजे १० मीटरवर जी शक्ती मिळते, तिचा दहा हजारावा भागच १ किलोमीटरवर उरतो. छोट्या डिशचा किंवा चपट्या पॅनेलचा अँटेना नवी शक्ती निर्माण करत नाही, तर चहूकडे विखुरणारी शक्ती अरुंद झोतात गोळा करतो. १०० मिलिवॉटच्या प्रक्षेपकाला चाळीस पट एकवटणारा अँटेना जोडला, की नियमातले ४ वॉट पुरे होतात. तसाच अँटेना पलीकडे बसवला तर ऐकण्याची क्षमताही चाळीस पट वाढते, आणि ऐकण्यावर कोणतीच मर्यादा नाही, ही मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. दोन्ही मिळून सोळाशे पट लाभ होतो. दहा हजार पटींपैकी उरणारी सुमारे सहा पटींची तूट घरातली एखाददुसरी विटांची भिंत एरवीही खाते तेवढीच असते.

मात्र दोन अँटेना एकमेकांना नुसते दिसणे पुरेसे नाही. रेडिओलहरी दोऱ्यासारख्या सरळ जात नाहीत, तर मधोमध फुगलेल्या एका लांबट जागेतून जातात, ज्याला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. १ किलोमीटर अंतरावर, २.४ गिगाहर्ट्झला, मध्यावर त्याची त्रिज्या सुमारे साडेपाच मीटर भरते, आणि त्यातला किमान ६० टक्के भाग मोकळा असावा लागतो. म्हणून दृष्टिरेषा वाटेतल्या आंब्याच्या शेंड्यांपासून साडेतीन मीटर तरी वर हवी. उन्हाळ्यात नीट चाललेली जोडणी पावसाळ्यात ढासळते ती मुख्यतः पावसाच्या थेंबांमुळे नव्हे, तर दाट झालेल्या ओल्या पालवीमुळे, कारण पानांतले पाणी या लहरी शोषून घेते.

अंतर फार वाढले की वेळेचा प्रश्नही उभा राहतो. प्रत्येक संदेशाची पोच ठरावीक वेळात आली नाही, तर वाय-फाय तो हरवला असे समजून पुन्हा पाठवते, आणि दर किलोमीटरला जाऊन येण्यास जवळपास ७ मायक्रोसेकंद लागतात. २००७ मध्ये एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी व्हेनेझुएलात ३८२ किलोमीटरची जोडणी साधली, ती उंच डोंगरमाथे निवडून आणि वेळेचे हे गणित बदलून. पालघर जिल्ह्यातल्या गावांमध्ये आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने ५.८ गिगाहर्ट्झचा विनापरवाना पट्टा वापरला. तिथे दूरच्या टप्प्यासाठी वेगळी जोडणी आणि गावात मोबाइलसाठी वाय-फाय अशी विभागणी होती.

शेतघरासाठीही तीच मांडणी योग्य ठरते. दोन स्थिर अँटेनांनी दोन टोके जोडावीत, आणि पलीकडे एक साधा राउटर ठेवावा, म्हणजे मोबाइलला काही मीटरच बोलावे लागते. खांबाला अर्थिंग आणि केबलला आकाशातल्या विजेपासून वाचवणारे सर्ज प्रोटेक्टर मात्र पहिल्या वळवाआधी लावून घ्यावेत.